ऑनलाइन सीएमई म्हणजे पाट्या टाकणं? त्या दाव्याला उत्तर

‘डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांना आता शिकायचंच नाही, फक्त क्रेडिट पॉइंट हवेत. म्हणून सगळे ऑनलाइनकडे वळलेत. खरं शिक्षण सभागृहातच होतं,’ अशा आशयाचा संदेश सध्या बराच फिरतोय. सीएमई म्हणजे काम करत असतानाच घ्यायचं पुढचं वैद्यकीय शिक्षण, आणि क्रेडिट पॉइंट म्हणजे त्याबद्दल मिळणारे गुण. त्या संदेशातले मुद्दे एकेक करून पाहू.

‘आळस वाढलाय.’ सभागृहातलं सत्र त्या दिवशी ज्यांची सुट्टी असते त्यांच्यापर्यंत पोहोचतं. आयसीयूतल्या सगळ्या नर्सना एकाच दुपारी सोडता येत नाही, आणि एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला तो बंद ठेवूनच जावं लागतं. रात्रपाळी संपवून, झोप काढून, संध्याकाळी रेकॉर्डिंग लावून बसणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

‘समोर बसून ऐकलेलंच डोक्यात राहतं.’ हे तपासून झालंय. 2008 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड कुक आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून दिलेल्या आरोग्यशिक्षणाच्या 201 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पारंपरिक पद्धतीशी तुलना केली तेव्हा परिणाम साधारण सारखेच निघाले. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यातही फारसा फरक दिसला नाही. म्हणजे ऑनलाइन सरस आहे असंही नाही, आणि तसा माझा दावाही नाही.

फरक पडतो तो शिकणाऱ्याला विचार करायला लावलं की नाही, यामुळे. नुसत्या भाषणाने डॉक्टरांचं प्रत्यक्ष काम बदलत नाही, हे 1999 पासून ‘जामा’मध्येच छापलेलं आहे. आता एक साधं ऑनलाइन मॉड्यूल बघा. पडद्यावर मधुमेहाची रुग्ण आहे, ईजीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा) 28. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध चालू ठेवाल, डोस कमी कराल की थांबवाल? उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ‘डोस कमी’ निवडलंत तर तिथल्या तिथे कळतं की 30 च्या खाली हे औषध बंदच करायचं असतं. भरल्या सभागृहात हाच प्रश्न विचारला तर पुढच्या रांगेतले दोघं-तिघं बोलतात, बाकीचे मान डोलावतात. चुकीचं उत्तर मनात धरून बसलेला माणूस ते तसंच घरी घेऊन जातो.

‘ज्येष्ठांचा सहवास तुटतो.’ उलटंही घडू शकतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. दूरच्या गावांतले प्राथमिक डॉक्टर व्हिडिओवरून हेपटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचे आपापले रुग्ण मांडायचे आणि विद्यापीठातले तज्ज्ञ त्यावर चर्चा करायचे. 2011 मध्ये निकाल छापले गेले: तज्ज्ञांच्या दवाखान्यात 57.5 टक्के रुग्णांमधला विषाणू गेला, तर गावांतल्या या डॉक्टरांकडे 58.2 टक्के. जिथे सहवास नव्हताच, तिथे तो पडद्याने आणून दिला.

‘व्हिडिओ म्यूट करून प्रमाणपत्र घेतात.’ घेतात, खरं आहे. सही करून चहाच्या वेळी निघून जाणारेही पूर्वीपासून आहेत. दोन्हींवर उपाय एकच: हजेरीवर पॉइंट द्यायचे नाहीत, सोडवलेल्या केसवर द्यायचे.

‘हाताचं कौशल्य जाईल.’ या मुद्द्यात तथ्य आहे. सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून द्यायचा तातडीचा उपचार) देताना छाती किमान 5 सेंटिमीटर दबते का, मिनिटाला 100 ते 120 हा वेग टिकतो का, दोन दाबांमध्ये छाती पूर्ण वर येऊ दिली जाते का, हे पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. टाके घालणं, श्वासनलिकेत नळी टाकणं यांचंही तेच. शिवाय ही कौशल्यं काही महिन्यांतच ढिली पडतात. म्हणून तर वाचण्या-ऐकण्याचा भाग ऑनलाइन उरकावा आणि प्रत्यक्ष भेटीचा वेळ सगळा सरावाला द्यावा. दिवसभराच्या कार्यशाळेत चार तास स्लाइड आणि शेवटच्या अर्ध्या तासात एका पुतळ्याभोवती वीस जण, ही मांडणी मात्र सभागृहवाल्यांनी आता सोडायला हवी.