हॅमस्टरचे शेत आणि आपला माळ

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या पश्चिमेकडील शेतांत लसूणघासाचे पट्टे दिसले की मला गावाकडच्या गोठ्याची आठवण होते. इथे मात्र त्यांतले काही पट्टे रानटी हॅमस्टरसाठी न कापता राखलेले असतात.

आपल्याकडे हॅमस्टर म्हणजे पिंजऱ्यातला उंदरासारखा सोनेरी प्राणी. त्याचे मूळ घर सीरियातील अलेप्पोच्या परिसरातले; तिथल्या शेतातूनच १९३० मध्ये इस्रायल अहारोनी यांनी खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांपासून बहुतेक पाळीव वंश वाढला. अल्सासमधला, म्हणजे स्ट्रासबुर्गभोवतालच्या या प्रदेशातला, हॅमस्टर त्याहून मोठा, काळ्या पोटाचा. वाऱ्याने आणून टाकलेल्या इथल्या भुसभुशीत, खोल मातीत तो बिळे खणतो, गालांच्या पिशव्यांत धान्य भरून नेतो आणि हिवाळा जमिनीखाली काढतो. वसंतात तो वर येतो तेव्हा मक्याची शेते उघडी असतात. घार-कोल्ह्यांपासून लपायला आडोसा मिळत नाही. शिवाय स्ट्रासबुर्गच्या संशोधकांना असे आढळले की केवळ मक्यावर ठेवलेल्या माद्या ब-३ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे स्वतःची पिल्ले खातात. हे वाचल्यापासून एकाच पिकाचे सलग शिवार मला समृद्ध वाटेनासे झाले आहे.

२०११ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने या प्राण्याच्या रक्षणात फ्रान्स कमी पडल्याचा निर्णय दिला. गहू आणि लसूणघास पेरणाऱ्या, काही पीक उभे ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना भरपाई मिळते आणि शेजारी शेतकरी मिळून हे करार करतात. तरीही त्याच अधिवासातून २०२१ मध्ये नवा महामार्ग सुरू झाला, याचे मला दुःख आहे. इथले सारे आदर्श आहे, असे मी म्हणणार नाही.

तरी सोलापूर-अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा वाद आठवला की करारांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. १९७९ मध्ये तिथे सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्यात घेतले गेले. त्यात गावे होती, खासगी शेते होती, आणि लोकांच्या वाट्याला प्रामुख्याने निर्बंध आले. पुढे क्षेत्र सुमारे बाराशेवर आणले गेले, पण चर्चा ‘पक्षी की शेतकरी’ इथेच अडकून राहिली. माळढोकालाही मोकळा माळ आणि त्यालगतची ज्वारी-हरभऱ्याची शेते लागतात. ती ज्यांच्या मालकीची आहेत, त्यांच्याशी पेरणीपूर्वी बोलून, कोणते पीक घ्यायचे, कोणता तुकडा पडीक ठेवायचा आणि त्याचे किती पैसे वेळेवर द्यायचे, हे नान्नजसारख्या गावांत आधी ठरायला हवे होते.