अमेरिका-चीन आर्थिक संवाद निष्फळ होते काय?

अमेरिका आणि चीन यांच्या उच्चस्तरीय आर्थिक संवादाबद्दल एक विधान सर्रास पुढे पाठवले जाते: या बैठका हस्तांदोलनापुरत्याच होत्या, त्यांतून काहीही निष्पन्न झाले नाही, व्यापारी तूट वाढतच गेली आणि चीन नमतो तो फक्त आयातशुल्काच्या बडग्यापुढे. इतक्या ठामपणे सांगितलेले हे विधान नोंदींशी ताडून पाहिले की टिकत नाही.

‘काहीही निष्पन्न झाले नाही’ हे सरळ चूक आहे. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन आणि चीनच्या उपपंतप्रधान वू यी यांनी बीजिंगमध्ये संवाद सुरू केला तेव्हा डॉलरला सुमारे ७.८ युआन पडत. २००८ च्या मध्यास ६.८ पडू लागले, म्हणजे अमेरिकेला हवा होता तसा युआन महाग झाला. चीनने चलनाचा डॉलरशी बांधलेला दर जुलै २००५ मध्येच सैल केला होता, म्हणून सगळे श्रेय संवादाला देता येणार नाही. मात्र जुलै २०१३ च्या फेरीत चीनने अमेरिकेबरोबरच्या गुंतवणूक करारासाठी ‘नकारात्मक यादी’चे तत्त्व मान्य केले, म्हणजे यादीतील क्षेत्रे वगळून बाकी सर्व क्षेत्रे परकीय गुंतवणुकीला खुली. तो करार कधीच झाला नाही, तरी हेच तत्त्व पुढे १ जानेवारी २०२० पासून चीनच्या परकीय गुंतवणूक कायद्यात लागू झाले. जुलै २०१७ ची वॉशिंग्टनमधील फेरी मात्र पूर्ण फसली; संयुक्त निवेदन निघाले नाही, पत्रकार परिषदाही रद्द झाल्या.

तुटीचा मुद्दा थोडक्यात. चीनबरोबरची वस्तुव्यापारातील तूट २०१८ मध्ये ४०० अब्ज डॉलरच्या वर होती, ती अमेरिकेच्या आयातशुल्कांनंतर २०२४ मध्ये ३०० अब्जांच्या आत आली. पण अमेरिकेची सर्व देशांबरोबरची वस्तुव्यापारातील एकूण तूट त्याच काळात वाढून सुमारे १.२ लाख कोटी डॉलर झाली, कारण मागणी तशीच राहिली आणि पुरवठा व्हिएतनाम, मेक्सिकोकडे वळला.

बडग्याचे काय? शुल्कयुद्धातून जानेवारी २०२० मध्ये झालेल्या करारात चीनने दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी कबूल केली होती. ठरलेल्या एकूण खरेदीच्या साठ टक्केही खरेदी झाली नाही. महासाथीचा त्यात वाटा होता, पण शुल्काने चीनला वाकवल्याचा दावा त्यावर उभा राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्क १४५ टक्क्यांवर नेले. चीनने १२५ टक्के लावलेच, शिवाय सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याची झळ थेट पुण्यापर्यंत पोहोचली. विजेवरच्या स्कूटरच्या मोटरमधला चुंबक वजनाने थोडकाच असतो, पण तो नसेल तर बाकी सगळी तयारी असूनही गाडी कारखान्याबाहेर पडत नाही, आणि बजाज ऑटोला जुलैमध्ये ऑगस्टचे उत्पादन ठप्प होण्याचा इशारा द्यावा लागला. भांडण दोघांचे, पण कोंडी आपल्या कामगारांची होते, हे मला फार गंभीर वाटते.

आणि ही दोन्ही शुल्के उतरली कशी? मे २०२५ मध्ये जिनिव्हात अमेरिकेचे अर्थमंत्री स्कॉट बेसंट आणि चीनचे उपपंतप्रधान हे लीफेंग समोरासमोर बसले, तेव्हा ती अनुक्रमे ३० आणि १० टक्क्यांवर आली. पाऊल दोघांनीही मागे घेतले. चर्चा सुरू ठेवण्यासाठी यंत्रणा उभारण्याचे कलम त्याच संयुक्त निवेदनात होते. पुढे लंडन, स्टॉकहोम, माद्रिद आणि क्वालालंपूर येथे बैठका झाल्या त्या त्यानुसारच.