डॉलर वीस रुपयांचा नाही

सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डॉलरची खरी किंमत वीसेक रुपयेच आहे, परक्यांनी रुपया दाबून ठेवलाय; खरा हिशेब केला तर भारत जगात तिसरा आहे, म्हणजे जपान-जर्मनीहून आपण श्रीमंत आहोत. यातला भारताचा तिसरा क्रमांक, एकूण उत्पादनाचा आणि त्या हिशेबापुरता, खरा आहे. त्यावर रचलेलं बाकी सगळं चूक आहे.

वीस रुपये आले कुठून? जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात देशोदेशीच्या किमती गोळा होतात, अगदी तांदळापासून घरभाड्यापर्यंत. अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं, तेवढं घ्यायला भारतात किती रुपये लागतात, हे त्यावरून काढतात. यालाच क्रयशक्ती समता म्हणतात. २०१७ साली हा आकडा २०.६५ रुपये आला. त्या वर्षीचा बाजारातला दर होता ६५.१२.

हा फरक म्हणजे रुपया दाबल्याचा पुरावा, असं मजकूर सांगतो. पण असाच फरक जवळजवळ प्रत्येक गरीब देशात दिसतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्येच त्याचं कारण मांडलं होतं. मोबाइल, पोलाद, कच्चं तेल सीमा ओलांडतं, म्हणून त्यांच्या किमती जगभर जवळ जवळ राहतात. केस कापणं, रिक्षा, धुणीभांडी, शाळेतलं शिकवणं सीमा ओलांडत नाही. श्रीमंत देशात कारखान्यातली मजुरी जास्त, म्हणून न्हाव्यालाही जास्त द्यावं लागतं, नाहीतर तो ते काम सोडून जाईल. साताऱ्यातला न्हावी न्यू जर्सीतल्या न्हाव्याइतकेच चांगले केस कापतो, आणि क्रयशक्तीचा हिशेब दोन्ही कामं सारखी धरतो, हे योग्यच आहे. पण आपल्याकडे ते काम स्वस्त आहे, कारण त्या माणसाच्या हातात कमी पैसे पडतात. ज्या स्वस्ताईचा मजकुराला एवढा अभिमान आहे, तिचा मोठा भाग ही आपल्याच माणसांची तुटपुंजी कमाई आहे. मला या मजकुरातलं सर्वांत जास्त हेच खुपतं.

आता श्रीमंती. २०१७ मध्ये क्रयशक्तीनुसार आपलं उत्पादन ८,०५१ अब्ज डॉलर होतं, जगाच्या ६.७ टक्के. सुमारे १३४ कोटी लोकांत वाटलं तर माणशी सहा हजार डॉलर. याच मापाने जपान चाळीस हजारांच्या वर, जर्मनी पन्नास हजारांच्या वर, अमेरिका साठ हजारांच्या आसपास. 'पण आपल्याकडे स्वस्ताई आहे ना' असं इथे म्हणता येत नाही. ती सहा हजारांत आधीच धरलेली आहे.

शिवाय देशाबाहेरची देणी वीस रुपयांच्या दराने चुकती होत नाहीत. आपण वापरतो त्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून अधिक आयात होतं, आणि ते बाजारभावाच्या डॉलरनेच घ्यावं लागतं. पुण्याहून परदेशी शिकायला निघालेल्या मुलीची फी भरताना बँकही तोच दर लावते.

मजकुरात आणखी एक फुशारकी आहे: २००५ ते २०११ या सहा वर्षांत आपण दहाव्यावरून तिसऱ्या स्थानी झेप घेतली. वाढ झाली हे खरं, पण या उडीत मोजण्याच्या पद्धतीतल्या बदलाचाही वाटा होता. त्याआधी उलटं घडलं होतं. भारताचा आकडा १९८५ च्या किंमत-पाहणीवरून पुढे ओढत आणलेला होता. डिसेंबर २००७ मध्ये २००५ सालच्या किमतींची नवी पाहणी जाहीर झाली आणि आपली क्रयशक्तीनुसारची अर्थव्यवस्था कागदावर सुमारे ४० टक्क्यांनी लहान झाली. त्या महिन्यात कुठला कारखाना बंद पडला नव्हता, कुणाच्या ताटातली भाकरी कमी झाली नव्हती. ज्या मापात एवढी सुधारणा होऊ शकते, त्याच्या क्रमवारीवर छाती फुगवू नये.

आणि वीस रुपयांचा डॉलर हवाच असेल, तर तो सगळीकडे लावा. २०२२ ते २०२५ या काळात जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा माणशी रोज २.१५ डॉलर होती. तो डॉलर क्रयशक्तीचा, २०१७ च्या किमतींचा. अनेकजण त्याला बाजाराच्या दराने गुणून १४० रुपये काढतात आणि 'एवढ्यात तर भागतं' म्हणतात. ती रेषा साधारण ४५ रुपयांची होती. माणशी, दिवसाला, त्यात जेवण, कपडे, औषध, भाडं सगळं.