प्याले कोण धुतं?

मागच्या रविवारी प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याची) उपासना संपल्यावर चष्मा राहिला म्हणून मी परत चर्चमध्ये गेले. सगळे पांगले होते. आत नळाखाली एक मावशी प्रभुभोजनाचे इवले इवले प्याले धूत होत्या. बोट आत जाईना, म्हणून फडक्याची सुरळी करून एकेक प्याला आतून पुसत होत्या. किती वर्षं करताय, विचारलं. "मोजली नाहीत गं," म्हणाल्या. इतकी वर्षं मी त्या प्याल्यातून घेते. ते धुतं कोण, हे कधी मनातही आलं नव्हतं. फार लाज वाटली.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय आपण नुसती नावांची यादी म्हणून भराभर वाचून टाकतो. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल मात्र सेविका फिबीपासून सुरुवात करून वीसहून अधिक जणांची नावं घेतो, कुणी प्रभूमध्ये किती श्रम केले तेही सांगतो. आपल्याला आपल्या चर्चच्या मंडळीतली अशी किती नावं सांगता येतील?

आणि पाळकसाहेब, आपल्या चर्चचे धर्मगुरू. सकाळी अंत्यविधी, दुपारी लग्न, रात्री कुणाच्या तरी उशाशी प्रार्थना. रविवारी दाराशी हात मिळवताना आपण काय म्हणतो? "आज उपदेश जरा लांबला." पगार दोन महिने थकला की "देव पुरवील" म्हणून मोकळे होतो. मला हे अजिबात पटत नाही. मळणीच्या बैलाला मुसकी घालू नये, कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, हे बायबलमधल्या १ तीमथ्य पत्राच्या ५ व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, तेही मंडळीची देखरेख करणाऱ्या वडीलजनांबद्दल बोलताना. देव पुरवतो तो आपल्याच खिशातून.

बायबलमधला संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली पडला, मरण मागू लागला. देवाने त्याला आधी झोपू दिलं. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. आपण मात्र दमलेल्या सेवकाला आधी प्रश्नच विचारतो. आठवड्यातला एक दिवस तरी पाळकसाहेबांना फोन न करता राहून बघूया का?

पुढच्या प्रभुभोजनानंतर मी मावशींसोबत थांबणार आहे. त्या धुतील, मी पुसेन. प्याले आत लावायला अजून दोघं हवीत. कोण येतंय, खाली लिहा.