तीन नंबरची डिस्क कृपया भंगारात देऊ नका

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की चारपैकी एकच डिस्क गेली म्हणून नॅस बॉक्स (घरच्या सगळ्या फाइली एका जागी ठेवणारी डिस्कची पेटी) आणून दिला आणि आम्ही दुसरी चांगली डिस्कही घालवली. दोन दिवस सांगून अकरा दिवस लावले, २७,५०० रुपये घेतले, आणि तरी मुलीच्या बारशाचे आणि वडिलांच्या पंचाहत्तरीचे मिळून ४१ फोटो उघडत नाहीत. आज सकाळी दुकान उघडल्याबरोबर तुमची जॉब शीट आणि सगळे लॉग पुन्हा काढून बसलो.

आधी आमची चूक. बॉक्स आला तेव्हा तीन नंबरची डिस्क ॲरेच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या चार डिस्कच्या गटाच्या, बाहेर पडलेली होती. आमच्या दुकानातल्या मुलाने तिचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) काढला, बदललेल्या सेक्टरचा, म्हणजे खराब झाल्याने बाद केलेल्या छोट्या कप्प्यांचा, आकडा दोन हजारांच्या वर दिसला, म्हणून नवी डिस्क घालून रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर पुन्हा उभं करणं, सुरू केलं. उरलेल्या तिन्ही डिस्कचे रिपोर्ट त्याने बघायला हवे होते. बघितले असते, तर एक नंबरच्या डिस्कवर १६ सेक्टर वाचायचे राहिलेत, पेंडिंग आहेत, हे तिथेच दिसलं असतं. अशा वेळी रीबिल्ड करायचं नसतं. आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब कॉपी काढायची आणि मग त्या कॉप्यांवर काम करायचं. ते झालं नाही. तो मुलगा माझ्या हाताखाली शिकतोय, त्यामुळे ही चूक माझी आहे.

रीबिल्ड का करायचं नसतं, तर ती जुन्या डिस्कची खरी परीक्षा असते. रेड ५ मध्ये, म्हणजे तुमच्या डिस्क ज्या पद्धतीने जोडल्या आहेत तिच्यात, एक डिस्क गेली की तिच्यावरचं सगळं उरलेल्या डिस्कवरून हिशोब करून काढावं लागतं. तुमच्या बॉक्समध्ये ४ टीबीच्या चार डिस्क, म्हणजे तीन डिस्कवरचे मिळून १२ टीबी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फोल्डरखालचा सेक्टरसुद्धा त्या दिवशी वाचला जातो. तुमचं रीबिल्ड ६१ टक्क्यांपर्यंत गेलं, एक नंबरची डिस्क अडकली आणि ॲरे पडला.

पण ती डिस्क आमच्याकडे खराब झाली, हे मात्र मी मान्य करू शकत नाही. डिस्क आपल्या चुकांची नोंद स्वतःच ठेवते, किती तास चालल्यावर चूक आली तेही लिहून ठेवते. तुमची डिस्क आमच्याकडे आली तेव्हा ३१,४८० तास चाललेली होती आणि वाचता न आल्याची पहिली नोंद ३१,०९८ तासांवर आहे. मधले ३८२ तास म्हणजे जवळजवळ सोळा दिवस, आणि बॉक्स तेव्हा तुमच्या घरी सुरू होता. तीन नंबरची डिस्क तर आणण्याच्या २३ दिवस आधीच बाहेर पडली होती. बॉक्स तुम्हाला तसे ईमेल पाठवायला बघत होता, पण ईमेलचा पासवर्ड बदलल्यापासून ते जातच नव्हते. यात तुम्हाला दोष देत नाही, हे बऱ्याच घरी होतं. बॉक्स परत देताना आम्ही ते ईमेल सुरू करून दिले आहेत.

अकरा दिवसांचं सांगतो. धडधाकट ४ टीबी डिस्कची कॉपी सात-आठ तासांत निघते. तुमच्या एक नंबरच्या डिस्कला तीन दिवस लागले, कारण खराब जागा सोडून आधी चांगला भाग काढून घेतला आणि मग त्या जागांवर परत परत प्रयत्न केले. शेवटी सगळं मिळून १०० केबीच्या आसपास भाग वाचता आला नाही. ते ४१ फोटो त्यातच अडकलेत. मात्र रोज संध्याकाळी तुम्हाला एक फोन करायला हवा होता. तो केला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. तुमची जुनी तीन नंबरची डिस्क आम्ही पिशवीत घालून परत दिली आहे. ती कृपया भंगारात देऊ नका आणि कशालाही जोडू नका. ती २३ दिवस मागे राहिलेली, म्हणजे तेवढ्या दिवसांतले बदल तिच्यावर नाहीत, म्हणून आम्ही तिला बाजूला ठेवलं होतं. पण तुमचे फोटो जुने आहेत, त्या २३ दिवसांत त्यांच्या जागी काही लिहिलं गेलं असण्याची शक्यता कमी आहे. मग दोन, तीन आणि चार नंबरच्या डिस्क एकत्र घेऊन, एक नंबरवर वाचता न आलेला तेवढाच तुकडा पुन्हा काढता येतो. कुठल्या जागा ते आमच्या नोंदीत आहे. तीन नंबरवर नेमक्या त्याच जागी खराब सेक्टर निघाले तर तो फोटो येणार नाही, पण सगळीकडे तसं असेल असं मला वाटत नाही. हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. तुम्हाला बॉक्स लवकर हवा होता आणि मीही घाई केली.

बाकीच्या तीन डिस्कच्या कॉप्या आम्ही ३० दिवस ठेवतो. तुमच्या, हे काम होईपर्यंत पुसणार नाही. या कामाचे पैसे घेणार नाही. बिलातले २१,००० दोन नव्या डिस्कचे आहेत, उरलेली मजुरी ६,५०० आज परत पाठवतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एकच गोष्ट. बॉक्सने डिस्क गेली म्हटलं की लगेच नवी डिस्क घालू नका. आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग सगळ्या डिस्कचे रिपोर्ट बघा. रिपोर्टमधला १९९ नंबरचा सीआरसी एररचा (डिस्क आणि बॉक्समध्ये डेटा येता-जाता झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल आणि बाकी सगळं शून्य असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असते, केबल किंवा स्लॉटचा कॉन्टॅक्ट गेलेला असतो. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तुम्हाला मात्र ते बॉक्स परत देताना सांगितलं, घेताना नाही.

सर, उद्या आमचा माणूस तुमच्या घरी येऊन डिस्क घेऊन जाईल, तुम्हाला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये परत यायला लावणार नाही. कुठली वेळ सोयीची तेवढं फोनवर कळवा.