साबणाला परवाना लागतो, मेणबत्तीला नाही

ठाण्यातल्या आमच्या बचतगटांच्या ग्रुपवर दिवाळी प्रदर्शनांआधी एक निरोप फिरतोय: "उद्यम नोंदणी केली की घरचा साबण, लिप बाम बिनधास्त विका." हे चुकीचं आहे. उद्यम म्हणजे फक्त उद्योगाची नोंद. अंगाला लावायची वस्तू विक्रीसाठी बनवायची तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. स्वयंपाकघरात केलं म्हणून सूट नाही. मेणबत्ती अंगाला लावत नाही, तिला हा परवाना नको.

परवा एका मैत्रिणीच्या हातची साबणाची वडी पाहिली. खाकी कागद, सुतळीची गाठ, वर "केमिकल-फ्री". ना घटक, ना बॅच क्रमांक, ना मुदत. वास मात्र सुरेख, मेहनत दिसत होती, म्हणून जास्तच वाईट वाटलं. आणि कॉस्टिक सोडा या रसायनाशिवाय साबणाची वडी होतच नाही! बाजारातला तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतला तरी तो करताना कुणीतरी ते वापरलेलंच असतं. मापात घेतलं की तेलाशी संयोग होऊन ते संपतं, मग लपवायचं कशाला?

स्टॉल बुक झाला असेल तर यंदा मेणबत्त्या मांडा. साबण हवाच असेल तर परवाना असलेल्या उत्पादकाकडून करून घ्या आणि त्याचं नाव, परवाना क्रमांक लेबलवर छापा.