परमिट सगळ्यांना, भाडं मात्र सरकार ठरवणार

मुलुंड स्टेशनजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा रिक्षाच्या परमिटवरून चांगलीच जुंपली. महेश पतपेढीत कर्जं बघतो. त्याचं म्हणणं सरळ होतं, "२०१७ ला सरकारनं संख्येची मर्यादा काढून परमिटं खुली केली हे बरंच झालं. त्याआधी काय चालायचं? परमिट एकाच्या नावावर, रिक्षा चालवायचा दुसराच, आणि मालक घरी बसून शिफ्टचे पैसे घ्यायचा."

नंदूकाकांनी मान हलवली. त्यांनी तेच भोगलंय. १९९७ पासून मुंबईत नवी परमिटं गोठवलेली, पुढे रद्द झालेल्या परमिटांची लॉटरी निघायची. रिक्षा चालवायचा बॅज असूनही कित्येक वर्षं ते दुसऱ्याची रिक्षा चालवत होते.

सुनील मात्र भडकला. "काका, तुमच्या वेळी रांगेत किती रिक्षा असायच्या? आता दोन तास उभं राहून एक भाडं मिळतं, तेही पुढच्या सिग्नलपर्यंतचं."

मला सुनीलचं पटतं, पण परमिट खुलं झालं म्हणून नव्हे. धंद्यात कुणीही यावं असं एका बाजूनं ठरवलं आणि भाव मात्र सरकारच्याच हातात ठेवला, घोळ तिथे आहे. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं जून २०१५ ला १८ रुपये झालं, ते मार्च २०२१ पर्यंत हललं नाही. परमिटं खुली झाली ती नेमकी याच काळात. रिक्षा वाढत गेल्या, दर जागच्या जागी. मग घर चालवायला चालकाच्या हातात काय उरतं? जास्त तास. सकाळी सातला निघायचं आणि रात्री अकराला परतायचं.

महेशनं मोबाईल काढून हिशेबच केला. रिक्षासाठी अडीच लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, चार वर्षं. हप्ता साडेसहा हजारांच्या थोडा वर. फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २६ रुपये आहे. म्हणजे महिन्याला अशा अडीचशे फेऱ्या नुसत्या हप्त्यात जातात. गॅस, विमा, पासिंग, टायर हे सगळं त्यावर. आकडा बघून तो स्वतःच गप्प झाला. मग म्हणाला, "पण रिक्षा शेवटी त्याच्या नावावर होते ना?" होते. हा मुद्दा खरा आहे, आणि नंदूकाकांसारख्यांना ती संधी कधीच मिळाली नव्हती. पण चार वर्षांनी हप्ता फिटतो तोवर गाडीचं काम निघतं, आणि बाजारात तिची किंमत घसरलेली असते.

"मग परमिटं परत बंद करायची?" काकांनी विचारलं. अजिबात नको. त्यानं शिफ्टवाले मालक परत येतील. रस्ते, स्टँड आणि प्रवासी बघून शहरापुरती संख्या ठरवा, आणि सरकारनंच नेमलेल्या खटुआ समितीनं भाड्याचं सूत्र दिलेलंच आहे, तर दरवर्षी ठरल्या तारखेला त्यानुसार दर बदला.

महेश अजून अडूनच होता. "दरवर्षी भाडं वाढलं तर लोक ओरडतील." ओरडतील, पण वर्षाला रुपयाभर वाढ माणूस सोसतो. जवळपास सहा वर्षं थांबून एकदम तीन रुपये वाढवले, तेव्हा जुन्या मीटरवर नवं भाडं सांगताना भांडणं झाली ती चालकाशीच. दर ठरवणाऱ्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही.